बापटच्या ताटातली तंगडी

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. नाही वहिनी, तुमचे ओठ आत्ताच हलायला लागलेत, मला दिसतंय. नीट कबूल करा, मगच सांगतो.

काय? बिस्किट? हो, आणा की! घेतो. दोन घेतो. असे बघताय काय सगळे? शिरीष लिमये पहिल्याच विचारण्यात बिस्किट उचलतोय, म्हणून? उचलतोय खरा. यंदा सुट्टीवर यायच्या आधीच ही शिस्त मी स्वतःला लावून घेतली. कारण नको म्हणण्यापायी माझी जी शोभा झाली आहे ना, ती शारजातल्या एका वाळूच्या पार्किंगमध्ये फळ्यावर लिहून ठेवलेली आहे. खडूनं, ठळक अक्षरांत, माझ्या नावासकट.

तर ऐका. आम्ही राहतो शारजात, अल नहदाला. खिडकीतून समोर दिसतं ते दुबई आणि आपण उभे असतो ते शारजा. मधे एक रस्ता. तो रस्ता संध्याकाळी गाडीनं ओलांडायला सव्वा तास लागतो. पण ते रडगाणं आज नको, आजचं रडगाणं वेगळं आहे.

तिथे आमचा वीसेक मराठी कुटुंबांचा ग्रुप आहे, 'आपली नहदा' नावाचा. महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जायचं, आणि कुठे जायचं ते मी ठरवायचं. सहा वर्षं मी ठरवत आलो. मी! कुणाकडची मासळी ताजी, कुणाच्या बिर्याणीत बटाटा घालून फसवतात, सगळं माझ्या डोक्यात. ग्रुपवर कुणी विचारलं की खाली चार उत्तरं यायची, 'लिमये म्हणतील तिथे.' हे वाक्य मला किती आवडत होतं, ते मला कळलं कधी? तर ते यायचं बंद झालं तेव्हा.

कारण बापट आला.

प्रसन्न बापट, मूळचा पुण्याचा. आधी अबू धाबीला रीम आयलंडवर राहायचा. नोकरी बदलली म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये आला, आणि तोही आमच्याच मजल्यावर. आठ महिने झाले याला, पण माणूस अजून रीम आयलंडवरून खाली उतरलेला नाही. लिफ्टला उशीर झाला की, "आमच्या रीमला चार लिफ्ट होत्या हो." पाणी गेलं की, "आमच्या रीमला असं कधी झालं नाही." त्याच्या खिडकीतून म्हणे समुद्र दिसायचा. आमच्या खिडकीतून पार्किंग दिसतं.

आणि त्या पार्किंगमध्येच यानं माझी खुर्ची पळवली. तिथे एक फिलिपिनो फूड ट्रक उभा राहतो. निळा रंग, वर दिव्यांची माळ, बाजूला चार प्लास्टिकची टेबलं. सहा वर्षं मी तो खिडकीतून बघत होतो आणि सहा वर्षं मनात म्हणत होतो, यात काय असणार! बापट आल्यानंतर पंधरा दिवसांत तिथे जाऊन जेवला आणि ग्रुपवर फोटो टाकला. कोळशावर भाजलेली कोंबडीची तंगडी, वर सोनेरी तेल, शेजारी लसणाचा भात. खाली लिहिलं होतं, 'हबीबी, घराखाली खजिना आणि तुम्हाला पत्ता नाही?'

तुम्हाला म्हणजे कुणाला? मलाच ना!

वैदेहीनं, म्हणजे आमच्या हिनं, त्या फोटोला बदाम दिला. लाल बदाम! माझ्या सहा वर्षांच्या निवडीला हिनं कधी अंगठ्याच्या वर काही दिलं नव्हतं. आणि वर म्हणाली, "या महिन्यात बापटांनाच विचारू या ना, शिरीष. काहीतरी वेगळं होईल."

जळलो. उगाच का खोटं बोलू, साफ जळलो. आत्तासुद्धा सांगताना बघा, चहा गार झाला तरी मला गरमच होतंय.

शनिवारी सगळे गेलो. ट्रक चालवणारी बाई लोर्ना. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल, चेहराभर हसू. सगळे तिला 'आते लोर्ना' म्हणतात. आते म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. तिचा नवरा मागे विस्तवाशी कोंबडी परतत असतो, तो बोलत नाही. आणि ट्रकच्या अंगाला एक काळा फळा. त्यावर नेहमीचे पदार्थ, आणि सगळ्यात खाली पिवळ्या खडूनं काय लिहिलेलं असावं? 'सर बापट ओव्हरलोड'!

मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"काही नाही हो," बापट नम्रपणे म्हणाला. अशी नम्रता की दोन थोबाडीत द्याव्यात. "आते लोर्नाची पद्धतच आहे. कुणी नेहमी येऊन तेच तेच खायला लागला, की ती त्याच्या नावानं ती डिश फळ्यावर लिहिते."

मग तो खिडकीपाशी गेला आणि मी जे दृश्य पाहिलं त्यानं मला त्याची कीव आली. खरंच कीव आली, कारण पुढे माझं काय होणार आहे, याची तोवर मला कल्पना नव्हती.

"गार्लिक राइस, सर बापट?"

"येस!"

"एक्स्ट्रा ऑइल?"

"येस येस!"

"वन मोर लेग?"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत, "येस प्लीज!"

अरे! असं लगेच हो म्हणायचं? चारचौघांत? वहिनी, तुम्ही मिरजेच्या, तुम्हाला सांगायला नको. आमच्या आईनं आम्हाला शिकवलेलं, पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'अहो खरंच नको' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा वाढायला आले की 'बरं, थोडंसंच' म्हणून ताट पुढे करायचं. आमचे दत्तूकाका लग्नात पानावर दोन्ही हात आडवे धरायचे. हात जितके आडवे, तितकी जिलबी जास्त. एकदा त्यांच्या बोटांच्या फटींतून मठ्ठा ओतला होता लोकांनी, आणि काका किती खूश! आग्रह झाला म्हणजे माणसाला किंमत आहे. पण बापट पडला पुण्याचा. तिथे दुसऱ्यांदा विचारेल कोण? त्यामुळे पहिल्या झटक्यात हो म्हणायची त्याला बालपणापासून सवय. मी मनात म्हटलं, जाऊ दे, याचा दोष नाही.

माझा नंबर आला.

"गार्लिक राइस, सर?"

"नो नो, प्लेन इज ओके," मी हसून म्हणालो. आणि थांबलो.

थांबण्यालाच तर महत्त्व असतं! समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला जागा द्यावी लागते. मी जागा दिली. तिनं त्या जागेत साधा भात वाढला.

"ऑइल, सर?"

"नो नो."

बाटली खाली.

"सॉस?"

"नो, नो, व्हाय ट्रबल!"

वाटी मागे. "नेक्स्ट सर!"

आता त्या पदार्थाचं असं आहे, की सगळी मजा त्या तेलात, त्या आंबट सॉसमध्ये आणि लसणाच्या भातात. ते काढून टाकलं की उरते ती कोंबडी, आणि तीही कोरडी ठणठणीत. मी एक घास घेतला आणि पाणी प्यायलो. दुसरा घेतला आणि परत पाणी प्यायलो. समोर वैदेही बसलेली. ती दादरची, तिनं सगळ्याला हो म्हटलेलं. तिच्या मनगटापर्यंत तेल ओघळत होतं.

"शिरीष, काय सुंदर लागतंय रे! बापटांची पसंती म्हणजे मानायलाच हवी."

"ठीक आहे. काही विशेष नाही," मी म्हणालो. माझ्या ताटात काही विशेष नव्हतंच.

आमची इरा तेरा वर्षांची आहे. तिचा जन्म तिकडचा, त्यामुळे मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येतं. मी तिच्या कानात म्हटलं, "बघितलंस? मला कुणी धड वाढलंसुद्धा नाही."

"बाबा, शी आस्क्ड यू. यू सेड नो."

"अगं, ते तसं नसतं."

"देन व्हाय डिड यू से नो?"

मी तिला म्हटलं, मोठी झालीस की कळेल.

त्या रात्री मला फळा दिसत होता. 'सर बापट ओव्हरलोड'. मग मी ठरवलं. नेहमी येऊन तेच खाल्लं की नाव लागतं ना? मग मीही जाणार. एकदा त्या फळ्यावर लिमयांचं नाव लागू दे, की बघू ग्रुप कुणाच्या मागे जातो! गुपचूप जायचं आणि एक दिवस सगळ्यांना एकदम दाखवायचं.

ऑफिसातून येताना गाडी खाली लावायची आणि घरी न जाता ट्रकवर जायचं, असं सुरू झालं. घरी सांगायचं, ट्रॅफिक. शारजात राहण्याचा हा एक मोठा फायदा आहे. ट्रॅफिक म्हटलं की बायको पुढचा प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या खेपेला लोर्नानं मला ओळखलं. "आह, सर! प्लेन राइस, नो ऑइल, नो सॉस!"

म्हणजे लक्षात ठेवलं होतं! मला बरं वाटलं. पण हे पाठ करायला नको होतं, हेही जाणवलं. मी विचार केला, चूक कुठे होतेय? चूक अशी, की माझं नको कमी पडतंय. मिळमिळीत नको म्हटल्यावर समोरच्याला आग्रहाची ऊर्मी कशी येणार? दत्तूकाकांसारखं ठाम नको पाहिजे.

तिसऱ्या दिवशी ती चिमट्यात तंगडी घेऊन आली. मोठी, रसरशीत, तेल टपटपणारी. मी पेपर प्लेटवर दोन्ही हात आडवे धरले. खाली वाकलो. "नो नो नो! टू मच! लिटिल, लिटिल!" आणि बोटांनी सुपारीएवढं दाखवलं.

लोर्ना थांबली. माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी आतून आनंदलो. म्हटलं, आला, आग्रह आला! आणि आता ती विचारणार या खात्रीनं मी आपलं ते पंगतीतलं वाक्य इंग्रजीत टाकलं, "वॉट टु डू? ओल्ड एज. स्टमक इज नॉट लाइक बिफोर."

हे वाक्य आपल्याकडे कोण म्हणत नाही? 'वय झालं हो, आता पूर्वीसारखं जात नाही.' म्हणायचं आणि वर चार जिलब्या उडवायच्या. आजवर कुणी त्यावर विश्वास ठेवलाय का?

लोर्नानं ठेवला.

तिचा चेहरा पडला. तंगडी हळूच मागे ठेवली आणि सुपारीएवढा तुकडा वाढला. मग खिडकीतून वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "सर, डॉक्टर सेड?"

माझ्या मनात आलं, वा! घरच्यासारखी चौकशी सुरू झाली. मी मान हलवली. आपण हलवतो ना, हो पण नाही आणि नाही पण नाही, तशी. तिनं छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, त्यांच्यात जेवणाआधी काढत असतील.

आणि चौथ्या दिवशी चमत्कार झाला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नो नीड टु टेल, सर शिरीष. आय नो फॉर यू." मागच्या बाजूनं एक वेगळा झाकणाचा डबा काढला. त्यातून मऊ आसट भात, एक उकडलेलं अंडं आणि कागदी कपात कोमट पाणी. "स्पेशल. नॉट इन मेनू."

नॉट इन मेनू! ऐकलंत? बापट जे खातो ते फळ्यावर लिहिलेलं, चार लोक खातात ते. आणि माझ्यासाठी वेगळा डबा! मी छाती काढून टेबलावर बसलो.

चव काय विचारता! चव असती तर सांगितली असती. पण मी रोज ते शेवटच्या शितापर्यंत खायचो. शेजारी कोणीतरी नर्स, कोणीतरी ड्रायव्हर ती तेल गळणारी तंगडी दोन्ही हातांनी ओढत असायचे, आणि मी त्यांच्याकडे बघत अंडं गिळायचो. आवंढा आणि अंडं एकदमच जायचं. मग वर घरी येऊन पुन्हा पोळी-भाजी खायचो. वैदेही म्हणायची, "हल्ली ट्रॅफिकमध्ये फार भूक लागते का रे तुला?"

रोज मला वाटायचं, आज ती एकदा तरी विचारेल, सर, थोडी तंगडी? आणि मग मी पटकन हो म्हणून टाकेन. दुसऱ्यांदा विचारणं एवढंच मला हवं होतं. वहिनी, माझा हो तयार होता. त्याला फक्त बोलावणं आलं नाही.

अशा तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी बापट तिथे उगवला.

"अरे लिमये! तुम्ही? आणि इथे?"

"येतो मी अधूनमधून," मी म्हणालो.

त्याची नजर माझ्या प्लेटवर गेली. "हे काय खाताय?"

"स्पेशल आहे. मेनूत नसतं."

आल्यापासून पहिल्यांदा या माणसाला रीम आयलंड आठवलं नाही! तो सरळ खिडकीपाशी गेला. "आते, फॉर मी ऑल्सो. सेम लाइक सर शिरीष."

लोर्नानं जोरात मान हलवली. "नो नो, सर बापट. नॉट फॉर यू. ओन्ली फॉर सर शिरीष."

काय सांगू तुम्हाला त्या क्षणाचं सुख! अंड्याला चव आली हो. बापट आपलं ओव्हरलोड घेऊन माझ्यासमोर बसला, पण डोळे माझ्या भातावर. जळत होता! बापट माझ्यावर जळत होता!

मग म्हणाला, "लिमये, ही तंगडी जास्त झाली मला. घेता का अर्धी?"

"छे छे, तुम्हीच खा."

"बरं," म्हणाला आणि खाल्ली. सांगितलं ना, पुण्याचा.

तो गेल्यावर लोर्ना बाहेर आली. माझा हात हातात घेतला. म्हणाली, "सर, यू कम एव्हरी डे, यू नेव्हर कम्प्लेन. धिस सॅटर्डे, युअर नेम ऑन द बोर्ड."

मी घरी कसा गेलो ते मला आठवत नाही. लिफ्ट आली का जिन्यानं गेलो, काय माहीत. रात्री ग्रुपवर मेसेज टाकला, 'या महिन्याचं जेवण आते लोर्नाकडे. एक सरप्राइज आहे. सर्वांनी यावे, विशेषतः बापट.' खाली लगेच दोघांचं उत्तर आलं, 'लिमये म्हणतील तिथे.' मी ते वैदेहीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

शनिवार. नवा शर्ट घातला. वीस कुटुंबं, पोरंटोरं, बापटाची पुण्याहून आलेली आईसुद्धा. फळ्यावर पांढरा कपडा टाकलेला. हिनं हळूच विचारलं, "आहे तरी काय?" मी नुसता हसलो. लोर्नानं हात जोडले, डोळे मिटून दोन क्षण काहीतरी पुटपुटली आणि कपडा ओढला.

बापट सगळ्यात पुढे. आवाज खणखणीत. मोठ्यानं वाचू नको म्हणून त्याला सांगणार कोण?

"सर शिरीष मील. सॉफ्ट राइस. वन बॉइल्ड एग. वॉर्म वॉटर. नो गार्लिक, नो ऑइल, नो सॉस, नो चिकन." मग जरा थांबून, खालची बारीक ओळ, "गुड फॉर बेबी, अँड फॉर सिक पीपल."

मागे विस्तवावर तेल पडल्याचा चर्र आवाज आला, तेवढाच.

पण खरं पुढेच आहे. लोर्ना हिच्याकडे गेली, हिला मिठी मारली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅम, यू आर व्हेरी स्ट्राँग. वी ऑल प्रे फॉर सर इन चर्च."

वैदेहीचा चेहरा पांढराफटक पडला. "शिरीष, काय झालंय तुला? तू मला सांगितलं का नाहीस? रोज ट्रॅफिक म्हणून कुठे जात होतास, हॉस्पिटलमध्ये?" तिचा आवाज कापत होता. आता मात्र माझी तंतरली. गंमत माझ्यापुरती होती तोवर ठीक, पण ही रडायच्या बेतात होती.

"अगं, मला काही झालेलं नाही! ठणठणीत आहे मी!"

"मग हे पथ्याचं खाणं? आणि या बाई प्रार्थना कशाला करतायत?"

वीस कुटुंबं बघतायत. बापटाची आई चष्मा सावरून बघतेय. काय करणार? सांगितलं. सगळ्यांसमोर, घाम पुसत पुसत सांगितलं, की मी नको म्हणत होतो ते तिनं पुन्हा विचारावं म्हणून. हात आडवे धरले ते तिनं वाढावं म्हणून. आणि रोज येत होतो ते बापटाचं नाव फळ्यावर आहे आणि माझं नाही म्हणून.

हसले हो! काय हसले! आमचे कुलकर्णी तर प्लास्टिकच्या खुर्चीसकट मागे गेले. वैदेही आधी हमसून रडली आणि मग त्याच दमात हसायला लागली, आणि ते जास्त लागलं मला. पोरं फळ्याशी उभी राहून फोटो काढत होती.

लोर्नाला काही कळेना. मी चार मिनिटं तिला समजावत होतो. शेवटी इरा पुढे झाली आणि एका वाक्यात मोकळी झाली, "माय डॅड इज नॉट सिक. ही जस्ट वॉन्टेड यू टु आस्क अगेन."

लोर्ना माझ्याकडे बघत राहिली. "बट सर," ती म्हणाली, "यू सेड नो. आय बिलीव्ह यू."

सत्तेचाळीस वर्षांत माझ्या शब्दावर एवढा विश्वास घरातही कुणी ठेवला नव्हता. मला शरमच वाटली.

मग तिचा चेहरा एकदम खुलला. मी आजारी नाही हे तिला आत्ता कुठे उमगलं होतं. नवऱ्याला तिच्या भाषेत काहीतरी ओरडली. त्यानं विस्तवावरची सगळ्यात मोठी तंगडी काढली. लोर्नानं ती तेलात बुडवली, वरून लसूण घातला आणि चिमट्यात धरून थेट माझ्यासमोर आणली. तेलाचा थेंब माझ्या नव्या शर्टावर पडला.

"टुडे यू ईट, सर! ओके?"

महिनाभर वाट पाहिलेली तंगडी. नाकापासून वीतभर अंतरावर. मला फक्त हो म्हणायचं होतं. देवाशप्पथ सांगतो, मी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

"नो नो, इट्स ओके."

कुणी म्हटलं? मीच म्हटलं! माझ्याच तोंडातून माझी आई बोलली!

इरानं कपाळावर हात मारला. लोर्ना चिमटा तसाच धरून उभी. तिनं इराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं, स्पष्ट दिसलं, की तिचे ओठ पुन्हा उघडतायत. दुसऱ्यांदा विचारायला! महिन्याभरानंतर ते दुसऱ्यांदा विचारणं माझ्याकडे निघालं होतं...

"आय विल टेक, आते!" बापटानं प्लेट पुढे केली.

पडली हो. त्याच्या ताटात पडली.

फळा अजून तिथेच आहे. आणि ऐका, 'सर शिरीष मील' चांगलं चालतंय. दात येणाऱ्या बाळांच्या आया लांबून येतात. बापटाची आई तर महिनाभर रोज तेच खात होती, आणि बापट ग्रुपवर लिहितो, 'आमच्या रीमला असं काही मिळत नव्हतं.' अल नहदामधल्या ज्या ज्या तोंडात दात नाहीत, त्या प्रत्येक तोंडात आज माझं नाव आहे. कुठे जेवायला जायचं ते मात्र आता बापटच ठरवतो.

म्हणून म्हटलं, शिस्त लावून घेतली आहे. विचारलं की हो म्हणायचं, लगेच, पहिल्या फटक्यात. तेव्हा पाहिलंत ना, दोन बिस्किटं कशी घेतली? झाला की नाही फरक माणसात?

काय? शेवटचं एक उरलंय? छे छे, नको आता, तुम्हीच घ्या...

अहो वहिनी, बशी कुठे नेताय? एकदाच तर नको म्हटलं!